पोटातला पहारेकरी

आमची आत्या हृदयाच्या दवाखान्यात कामाला आहे असं सांगितलं की लोक विचारतात, नर्स का? नाही. मग डॉक्टर? तेही नाही. मग पुढचा प्रश्न विचारायच्या आधी लोक जरा घुटमळतात आणि हळूच म्हणतात, झाडलोट वगैरे का? हे आत्याच्या कानावर गेलं, तर ती विचारणाऱ्याचीच झाडलोट करून मोकळी होईल.

आत्या यंत्रवाली आहे. ज्यांचं काळीज आपण होऊन वेळेवर ठोके देत नाही, त्यांच्या अंगात कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवतात, त्याला पेसमेकर म्हणतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पण नुसतं बसवून भागत नाही. कधी ठोका द्यायचा, कधी गप्प बसायचं, किती जोरात हाकायचं, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. ती शिकवणी आत्याची. पेशंटच्या अंगावर बशीएवढी चकती ठेवायची, बाजूला पडद्याचं यंत्र उघडायचं आणि आतल्या यंत्राशी बोलत बसायचं. कापाकापी नाही, टोचाटोची नाही. ‘मी कातडीवरूनच कान पिळते,’ असं ती म्हणते.

अलीकडे तिचं एक नवंच चालू झालंय. लहान मुलाचं यंत्र लावायचं असेल तर आत्या आधी त्या मुलाबरोबर वॉर्डाच्या व्हरांड्यात पकडापकडी खेळते. साठीला टेकलेली, अंगानं भरभक्कम, एका गुडघ्यानं पार राजीनामा दिलेला. तरी खेळते. हे कसं सुरू झालं ते सांगायला बसलोय.

आत्या लहानपणापासूनच तारांत हात घालणारी. आमचे आजोबा गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. माझे वडील शॉकला भ्यायचे, ते लांबून पाना पुढे करायचे. आत्या मात्र मोटारीच्या पोटाला कान लावून बसायची आणि सांगायची, ‘हिचं बेअरिंग रडतंय.’ आजोबा उघडून बघायचे तर बेअरिंगच गेलेलं असायचं. पुढं शहरात येऊन ती दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला लागली, मग तिथल्याच एका मोठ्या डॉक्टरांनी तिला हृदयाच्या यंत्राचं शिक्षण घ्यायला लावलं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, ‘एक जण आला होता मागणी घालायला. बोलता बोलता मी त्याचा पंखा दुरुस्त करून दिला. तो पंखा घेऊन गेला, मी राहिले.’

तिची सगळी उमर मोठ्या माणसांच्या विभागात गेली. मोठी माणसं म्हणजे बहुतेक म्हातारीच. त्यांच्याशी तिचं भलतं जमायचं. एखादा आजोबा यंत्र तपासून उठला की ती म्हणायची, ‘आजोबा, यंत्र चाळिशीतल्या माणसासारखं पळतंय. तुम्ही तसे पळू नका, नाहीतर माझ्या नावानं बोंब व्हायची.’ आजोबा खूश. त्यांच्या यंत्रांचे आकडे आत्याच्या बोटांत इतके मुरले होते की पडद्याकडे न बघता लावायची. आपण डोळे मिटून सदऱ्याची बटणं लावतो तसं.

मग दवाखान्यात लहान मुलांच्या हृदयाचा विभाग निघाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला मागून घेतलं. या बाई वयानं आत्याच्या निम्म्या, अंगानं पाव. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि त्या तो हातातल्या पेनानं वर ढकलायच्या, त्यामुळं कपाळावर कायम शाईचा ठिपका. पहिल्याच दिवशी त्यांनी आत्याला सांगून टाकलं, ‘आत्या, एक गोष्ट आधीच सांगते. मुलांसाठी वेगळं काही बनवलेलं नाही. यंत्र मोठ्यांचं, तारा मोठ्यांच्या, औजारं मोठ्यांची. आपण ते मुलांना बेतून घ्यायचं.’

बेतून घेणं आत्याला पटलं. मुलांच्या शिरा बारीक, म्हणून त्यांचं यंत्र छातीत नव्हे तर पोटात कातडीखाली बसवतात आणि तारा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला शिवून टाकतात. तार लावताना तिचा एक वेढा जास्तीचा आत सोडून ठेवतात, पोर वाढलं की तो आपसूक सुटत जातो. आत्यानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येऊन सांगत सुटली होती, ‘अरे, पोरांना सदरा शिवताना आपण वाढत्या अंगाचा शिवतो ना, तशी वाढत्या अंगाची तार!’ जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच.

तार वाढत्या अंगाची लावली, पण आकड्यांचं काय, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

भिंगरी नावाची एक मुलगी होती. खरं नाव वेगळं, पण एका जागी ठरत नाही म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव. वय आठेक वर्षं, पुढचे दोन दात पडलेले. जन्मली तीच हृदयाच्या पडद्याला भोक घेऊन. तान्ही असतानाच ते भोक बुजवलं, पण जिथं टाके घालायचे तिथूनच हृदयाची आपली स्वतःची वीजवाट जाते, ती दुखावली. तेव्हापासून हृदयाचा वरचा कप्पा एक सांगायचा आणि खालच्याला ऐकूच जायचं नाही. म्हणून पोटात यंत्र. वरच्यानं ठोका दिला की यंत्र तो निरोप खालच्याला पोचवायचं. मागच्या वर्षी जुनं यंत्र काढून नवं घातलं आणि त्याचे आकडे आत्यानंच लावले.

त्यानंतर भिंगरी शाळेत जायला लागली, मैदान बघितलं आणि पडायला लागली. खेळता खेळता डोळ्यांपुढं काळोख आणि धाडकन खाली. मग उठून बसायची, पांढरीफटक. बाप गवंडी, उंच परांचीवर उभा राहून भिंती बांधणारा माणूस, पण पोरगी पडली म्हटल्यावर त्याचेच पाय लटपटायचे. त्यानं तिचं खेळणं बंद केलं. शाळेत बाईंना सांगून ठेवलं, हिला बाकावरून उठू द्यायचं नाही. घरात आई तान्ह्याला घेऊन बसलेली असायची, ती म्हणायची, दोन पोरं आहेत पण घरात आवाज एकाचाच.

यंत्र तपासलं तर आत नोंद सापडली. वरचा कप्पा पिसाळतो, वेड्यासारखा धावतो, असं यंत्र सांगत होतं. शिवलेल्या हृदयात असं होतं. टाक्यांच्या कडेनं वीज गोलगोल फिरत बसते. मोठ्या माणसात याला एक उपाय असतो. मांडीतल्या शिरेतून तार आत सरकवायची आणि हृदयातली ती बिघडलेली जागा टोकानं डागून टाकायची.

‘म्हणजे जनावराला डागतात तसं?’ बापानं विचारलं होतं.

‘तसंच,’ आत्या म्हणाली होती, ‘पण आतून. आणि ठिपक्याएवढं.’

डॉक्टरीणबाईंनी गुरुवार ठरवला होता, पण त्यांचं मन घेत नव्हतं. तार मोठ्या माणसाच्या हृदयाच्या मापाची, आणि भिंगरीचं हृदय भिंगरीच्या मुठीएवढं. त्यात डागायची जागा हातभर चुकायला नको, नखभर चुकली तरी पुरे. दुसरं म्हणजे, यंत्र साध्या जातीचं होतं. कप्पा किती वेळा पिसाळला ते मोजून ठेवायचं, कसा पिसाळला त्याचं चित्र ठेवायचं नाही.

मंगळवारी सकाळी भिंगरी आत्याच्या खोलीत पलंगावर आडवी होती. आत्यानं पोटावर चकती ठेवली.

‘ई, गार!’

‘तुझ्या बापाच्या सिमेंटपेक्षा गरम आहे. पड गप.’

भिंगरी गप्प पडली, म्हणजे तोंडानं गप्प नाही. ‘आत्या, परवा डागल्यावर मी जिंकेन?’

‘कशात गं?’

‘पकडापकडीत. मी अजून एकदापण जिंकले नाही. जिंकायला लागले की पडते.’

आत्या पडद्याकडे बघत होती, हं हं करत होती. मग तिचं हं थांबलं.

‘काय म्हणालीस?’

‘जिंकायला लागले की पडते.’

‘आणि हरताना?’

‘हरताना कशाला पडेन? हरताना मी हळूच असते.’

‘जिना चढताना?’

‘नाही.’

‘बापाचा मार खाताना?’

‘बाबा मारतच नाही,’ भिंगरी जरा वैतागली. ‘सांगितलं ना तुला. जिच्यावर राज्य ती मागं राहिली, आणि खांब असा हाताला लागायला आला, की मग काळं होतं. नेमकं तेव्हाच. पोरी म्हणतात, नाटकी आहे.’

आत्यानं चकतीवरचा हात काढला नाही, पण तिचं सगळं अंग ताठ झालं. मोटारीच्या पोटाला कान लावल्यावर व्हायचं तसं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या यंत्रात निरोप्या असतो तसा एक पहारेकरीही असतो, म्हणजे आत्या त्याला पहारेकरी म्हणते. म्हाताऱ्या माणसाचा वरचा कप्पा एखाद्या वेळी भलत्या वेगानं फडफडायला लागतो. तेव्हा त्याचा प्रत्येक निरोप खालच्याला पोचवला तर खालचाही पिसाळेल आणि माणूस जाईल. म्हणून वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पहारेकरी फाटक बंद करतो. वरचा पिसाळलाय, त्याचं ऐकायचं नाही, खालच्यानं आपलं सावकाश चालायचं. आत्यानं हा पहारेकरी लावून कितीतरी म्हातारे जगवलेत. न बघता लावायची ती.

‘इथंच पड,’ आत्या भिंगरीला म्हणाली. ‘हलू नको, उठू नको, जिंकू नको.’ आणि गुडघा धरत, जमेल तेवढी पळत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

‘बाई, पोरगी पळून आली की तिचा ठोका कुठवर जात असेल?’

‘कुठली? भिंगरी? जोरात पळाली तर एकशे ऐंशी, दोनशेसुद्धा. मुलांचं तसंच असतं.’ बाईंनी चष्मा वर ढकलला. ‘का?’

‘आणि म्हातारा पळाला तर?’

‘म्हातारा कशाला पळेल?’

‘तेच ना! म्हाताऱ्याचा एकशे सत्तरच्या वर गेला तर तो आजारच.’

 बाईंच्या हातातलं पेन चष्म्यापाशीच थांबलं होतं.

‘आत्या, तुम्ही तिचा आकडा किती ठेवलाय?’

‘सगळ्यांना ठेवते तोच.’

‘सगळ्यांना म्हणजे?’

‘म्हाताऱ्यांना,’ आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसलीच. ‘बाई, मी पोरीच्या पोटात म्हाताऱ्याचा पहारेकरी बसवलाय. ती खुशीत येऊन पळते, तो म्हणतो पिसाळली, आणि धरतो फाटक. एकशे सत्तरवरून एकदम सत्तर. पडेल नाहीतर काय करेल!’

बाई उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या, परत उठल्या. त्यांना बसावं की उडी मारावी हे कळेना. ‘असं असेल तर गुरुवार नकोच! डागायचं काही नाहीच मग!’ मग त्यांनी स्वतःलाच आवरलं. ‘पण थांबा. हा अंदाज झाला. शिवलेलं हृदय आहे, खरोखरचा आजारही असू शकतो. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. आपण नुसता पहारेकरी काढून तिला घरी धाडली आणि वरचा कप्पा खरंच पिसाळत असला, तर यंत्र खालच्यालाही फरफटत नेईल. मला ती पडते त्या क्षणाला तिचा ठोका डोळ्यांनी बघायचाय.’

‘मग पळवा की.’

‘पळवलं नाही का मागच्या महिन्यात, चालत्या पट्ट्यावर?’

त्या पट्ट्याची आठवण आत्यालाही होती. पट्टा मोठ्या माणसांचा, दांड्या मोठ्यांच्या उंचीला. भिंगरी दोन्ही हात वर करून दांडीला लोंबकळल्यासारखी चालली होती, बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हातारीसारखी. ठोका एकशे चाळीसच्या पुढं गेलाच नाही. पट्ट्यावर कुणाला जिंकायचं असतं?

त्याच दुपारी मुलांच्या वॉर्डाचा व्हरांडा रिकामा केला. हा व्हरांडा वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या राज्यातला. सिस्टर म्हणजे शिस्तीचा लोखंडी खांब, भिंतीवर तिनं स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती, ‘येथे पळू नये’. आत्यानं तिला बेत सांगितला तेव्हा सिस्टर आधी पाटीकडे बघत राहिली, मग आत्याकडे.

‘माझ्या व्हरांड्यात पकडापकडी?’

‘मैदानात चालली नसती का? पण ठोका दाखवायला तिच्या गळ्यात डबी अडकवायचीय, तिचा सिग्नल मैदानात पोचत नाही, इथंच पोचतो.’

‘मग गाद्या अंथरा भिंतीकडेनं,’ सिस्टर म्हणाली. ‘आणि हृदयाला शॉक द्यायची गाडी मी स्वतः घेऊन उभी राहते. पोरगी माझ्या वॉर्डात फरशीवर पडणार नाही.’

भिंगरीच्या छातीला तारा चिकटवल्या आणि गळ्यात एक लहानशी डबी अडकवली. त्या डबीतून तिचा ठोका सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटायला लागला. बाई पडद्यासमोर बसल्या. टोकाला पाण्याचं पिंप होतं, तो खांब ठरला. हात लावला की सुटका.

सगळं तयार झालं आणि बाप आडवा आला.

‘कित्येक महिने मी हिला पळू दिलं नाही,’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण हात कमरेवर होते. ‘शाळेत बाकाला बांधून ठेवल्यासारखी ठेवली. आणि आता तुम्हीच म्हणता, पळव. पाडायला पळवायची?’

बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. पडेल, बहुधा पडेल. पण गादीवर पडेल, आम्ही सगळे भोवती असताना पडेल. आणि का पडते ते कळलं तर गुरुवारी तिच्या हृदयात तार घालायची कदाचित गरजच राहणार नाही. नाही कळलं तर गुरुवार आहेच. तुम्ही नको म्हणालात तर खेळ इथंच थांबला.

बापानं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, ‘मी तिच्या मागं पळणार. माझ्या हातांत पडली पाहिजे.’

एका तरुण नर्सवर राज्य दिलं. भिंगरी निघाली. एक पाऊल टाकायची आणि बापाकडे बघायची, दुसरं टाकायची आणि परत बघायची. नर्स बिचारी मागून हळूहळू, पकडू की नको करत.

‘एकशे दहा,’ बाई पडद्यावरून म्हणाल्या.

‘ही पळत नाही,’ आत्या करवादली, ‘ही पाहुण्यांना पाणी द्यायला निघालीय! सरका बाजूला.’

भिंतीशी चाकांची खुर्ची होती. आत्या तिच्यात धपकन बसली, खुर्ची कण्हली. आत्यानं चपला काढून टाकल्या, दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि पदर खोचला.

‘राज्य माझ्यावर. ए नाटके!’

भिंगरी गर्रकन वळली. ‘मला नाटकी म्हणायचं नाही!’

‘का? तुझ्या शाळेतल्या पोरी खरंच सांगतात. तुला पळताच येत नाही. पडायचं निमित्त करतेस.’

‘तुला तर चालतापण येत नाही!’

‘मला चालायला लागतच नाही,’ आत्या म्हणाली आणि चाकाला असा हिसका दिला की खुर्ची सुटली ती भिंगरीच्या टाचांवरच.

भिंगरी किंचाळली आणि पळाली. आधी भीतीनं, मग हसत. खुर्ची मागं खडखडत, आत्या मोठमोठ्यानं ‘आले, आले, आले!’ ओरडत, बाप दोन्ही हात पसरून बाजूनं, कोंबडी पकडायला निघाल्यासारखा. वॉर्डातली पोरं पलंगावरून उठून दारात जमली. कुणाच्या हाताला सलाइनची नळी, कुणाच्या डोक्याला पट्टी, सगळ्यांच्या तोंडात एकच, ‘पळ! पळ! भिंगरे, पळ!’ सिस्टर गप्प बसा म्हणायला वळली आणि तिच्या तोंडून निघालं, ‘डावीकडे वळ गं, डावीकडे!’

भिंगरी डावीकडे वळली. आत्याची खुर्ची वळता वळेना, गादीत जाऊन रुतली.

‘एकशे तीस,’ बाई ओरडल्या. ‘एकशे पंचेचाळीस. साठ! एकशे साठ!’

पिंप चार पावलांवर आलं. आत्या गादीतून खुर्ची उपसत होती, भिंगरीनं मागं वळून बघितलं की आपण सुटलो, आणि तिच्या त्या बोळक्या तोंडावर असं काही हसू आलं की दारातली पोरं टाळ्या पिटायला लागली.

‘एकशे बहात्तर,’ बाई म्हणाल्या. आणि मग, ‘धरा!’

भिंगरीचे पाय मऊ पडले. पिंपाला हात लागायच्या आधीच ती खाली येत होती, पण बाप तिथंच होता. दोघं मिळून गादीवर कोसळले, ती त्याच्या छातीवर. सिस्टरची गाडी क्षणात शेजारी. 

‘नको! हात लावू नका, ठीक आहे, खालचा चालू आहे, सावकाश आहे पण चालू आहे!’ बाई पडद्यावरून नजर न काढता ओरडत होत्या. ‘शुद्धीवर येईल ती, आत्ता येईल!’

आणि भिंगरी आलीच. डोळे उघडले, बापाच्या सदऱ्याचं बटण दिसलं. पांढऱ्या ओठांनी पहिलं वाक्य बोलली, ‘हात लागला का?’

‘बोटभर राहिला,’ बाप म्हणाला. 

‘आत्या, इकडे या!’ बाईंनी जवळजवळ आत्याची खुर्चीच ओढली. पडद्यावर मघाचा ठोक्यांचा आलेख थांबवून ठेवला होता. ‘हे वरच्या कप्प्याचे ठोके बघा. एकशे दहा, वीस, तीस. एकेक पायरी चढत गेलेत. सगळे एका जातीचे, एका उंचीचे. पिसाळलेला कप्पा असा जिना चढत नाही, तो खालून एकदम गच्चीवर उडी मारतो. हा आजार नाही, आत्या. ही नुसती पळणारी मुलगी आहे. आणि हे बघा, इथं, एकशे बहात्तरला—’

‘इथं माझ्या पहारेकऱ्यानं फाटक लावलं,’ आत्या म्हणाली.

बाईंनी टेबलावर हात आपटला. पेन उडून खाली गेलं. ‘गुरुवार रद्द!’

आत्या मात्र हसली नाही. तिनं खुर्ची वळवली आणि बापासमोर नेऊन उभी केली.

‘ऐका. तिच्या हृदयाला काही झालेलं नाही. यंत्राचा आकडा चुकला होता आणि तो आकडा मी लावला. म्हाताऱ्यांचा लावते तसा, सवयीनं. वर्षभर ती माझ्यामुळं पडली.’

बाप गादीवर उठून बसला. सिस्टरनं उगाच गाडीचं एक झाकण उघडून मिटलं.

‘तुम्ही लावला?’

‘मी.’

‘मग बसून काय राहिलात?’ बाप म्हणाला. ‘काढा की तो!’

आत्याचं पडद्याचं यंत्र तिथंच व्हरांड्यात आणलं. भिंगरी गादीवर आडवी, पोटावर चकती. या वेळी आत्या एकेक आकडा डोळ्यांनी बघून, तोंडानं म्हणून लावत होती आणि बाई खांद्यावरून वाकून प्रत्येकाला हं म्हणत होत्या. पहारेकरी काढला. वेगाची वरची हद्द पार वर नेली. निरोप पोचवायला यंत्र मध्ये जो दम घ्यायचं तो आखूड केला, पळणाऱ्या पोरीला एवढी फुरसत नसते म्हणून.

‘झालं,’ आत्या म्हणाली. ‘आता?’

आता परत पळायला हवं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. आकडा पडद्यावर बदलला म्हणून पोरगी उभी राहीलच असं नाही. बाप भिंगरीचा हात धरून बसला होता, आणि तो हात सुटायला तयार नव्हता.

तो भिंगरीनंच सोडवला. ‘बाबा, सोड ना. आता राज्य माझ्यावर.’

‘जरा वेळानं—’

‘आत्तापर्यंत मी कधी राज्यच घेतलं नाही. आत्या, पळ!’

‘पळ म्हणते, बघा! गुडघा बघितलास का माझा?’ असं म्हणत आत्यानं चाकं फिरवलीसुद्धा होती.

खुर्ची पुढं, भिंगरी मागं. या खेपेला कुणी ओरडत नव्हतं. दारातली पोरंही नाही. नुसती चाकांची खडखड, अनवाणी पावलांची चटचट आणि बाईंचा आवाज.

‘एकशे चाळीस. एकशे साठ.’ बाईंचा आवाज बारीक झाला. ‘एकशे सत्तर. वरचा एकशे सत्तर, खालचा… एकशे सत्तर!’

आत्यानं पिंपाला वळसा घातला. भिंगरी आतल्या बाजूनं वाट कापून आली.

‘एकशे ऐंशी, दोन्ही! एकशे अठ्ठ्याऐंशी! खालचा सोडत नाही, आत्या, एकही सोडत नाही!’

आत्याला आता मागचं काही दिसत नव्हतं, पण जोर ओसरला की मुद्दाम हरतेय हे पोरगी ओळखेल म्हणून ती जीव खाऊन चाकं हाणत होती, घाम डोळ्यांत, पदर सुटलेला. कपड्यांच्या गाडीला धडकली, चादरी अंगावर आल्या, आणि त्या चादरींच्या ढिगात पाठीवर एक सणसणीत धपाटा बसला.

‘पकडली!’

भिंगरी उभी होती. गाल लालबुंद, छाती भात्यासारखी वर-खाली, दोन पायांवर उभी. मग काय गोंधळ उठला त्या व्हरांड्यात! सलाइनवालं एक पोरगं पलंगावर उड्या मारायला लागलं आणि त्याला धरायला सिस्टर स्वतःच्या पाटीखालून पळत गेली. बाई पडद्याला मिठी मारायच्या बेतात होत्या. आत्या चादरी झटकत म्हणत होती, ‘काय हाणलंय कारटीनं, मणका हलला माझा!’

बाप तेवढा गादीवरच बसलेला. भिंगरी चालत त्याच्यापाशी गेली. त्याला वाटलं दमली, आता मांडीवर येईल, म्हणून त्यानं हात पसरले. तिनं त्याच्या खांद्याला बोट लावलं आणि मागं उडी मारली.

‘बाबा, राज्य तुझ्यावर!’

आणि पळाली पिंपाकडे. त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी पडद्यावरून मान न वळवता नुसता हात हलवला, जा म्हणून. गवंडी उठला, सिमेंटनं पांढऱ्या पडलेल्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, आणि सुटला.

‘डावीकडून घेरा तिला!’ आत्या चादरींतून ओरडली. ‘डावीकडूनच! उजवीकडे गेली तर सापडायची नाही तुम्हाला!’